एक्केचाळिसावं कनेक्शन

"चाळीस लिहिलेत आणि एक्केचाळीस दिसताहेत," ताई म्हणाल्या. "एक जास्तीचं येतंय, साहेब."

डेप्युटी साहेबांनी मान वर न करता समोरच्या कागदावर सही ठोकली. "मोजण्यात चूक झाली असेल. परत मोजा."

"तीनदा मोजलेत."

"मग चौथ्यांदा मोजा. अहो, शुक्रवारी तपासणीला माणसं येणार. ती तुमची यादी हातात घेणार आणि पडद्याशी ताडून बघणार. तुम्ही चाळीस लिहिलेत तर चाळीसच दिसले पाहिजेत. तो जो कोण आगंतुक आहे त्याला बाहेर काढा, आणि काढलात की मग मला सांगा."

ताई जिना उतरून खाली आल्या. हॉस्पिटलची रेकॉर्डची खोली अर्धी जमिनीखाली होती. तिच्या खिडकीतून माणसं दिसत नसत, फक्त त्यांची पावलं दिसत. सव्वीस वर्षं त्या खिडकीखाली बसून ताईंना पावलांवरूनच पुष्कळसं कळायला लागलं होतं. भेटायला आलेली पावलं घाईची असत, पेशंटला घरी न्यायला आलेली सावकाश. आणि काही पावलं नुसतीच उभी राहत, कुठे वळावं ते न सुचून.

रोजचे सहाशे पेशंट, त्यांची नावं, वयं, आजार, खाटा, औषधं, सगळं ताईंच्या डेटाबेसमध्ये जमा व्हायचं. ते बिनबोभाट चालायचं, त्यामुळे खाली कुणी बसतं हे वरच्या मजल्यांवर निम्म्या लोकांना माहीतही नव्हतं. बंद पडलं तरच ताईंच्या नावाचा पुकारा व्हायचा.

या खेपेला काम नवीन होतं. डेटाबेसवर नजर ठेवायला एक वेगळा सर्व्हर आला होता. कुठल्या खोलीतलं कुठलं मशीन कधी जोडलं गेलं, कुणाच्या नावाने आत आलं, काय विचारलं, किती वेळ थांबलं, हे सगळं तो टिपून ठेवणार. ताईंनी त्याचं नाव पहारेकरी ठेवलं होतं. पण पहारेकऱ्याला आधी घरातली माणसं ओळखायला शिकवावं लागतं. म्हणून दोन आठवडे ताई वही घेऊन खोलीखोलीतून फिरल्या. प्रत्येक मशीनपुढे बसून एका छोट्या फाइलमध्ये तीन ओळी लिहायच्या: पहारेकरी कुठे बसतो, माझं नाव काय, आणि आमच्या दोघांतला गुप्त शब्द कुठला. मग इकडे सर्व्हरच्या यादीत त्याच नावाची नोंद करायची. औषधांच्या खिडकीवरच्या कॉम्प्युटरची दोन बटणं चिकटलेली होती. रक्ततपासणीवाल्यांनी पडद्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता. "ताई, आता आम्ही काय बघतो ते सगळं तुम्हाला दिसणार का हो?" असं त्यातल्या एकाने विचारलं, आणि ताईंनी "टॉवेल तर आत्ताच दिसला" असं उत्तर दिलं.

अशी चाळीस मशीनं झाली. चाळीस नावं. आणि सोमवारी पहारेकरी सुरू केला, तेव्हा दुपारी एक्केचाळिसावी ओळ उमटली होती. यादीत नसलेली.

मंगळवारी साहेबांकडून खाली आल्यावर ताईंनी ती ओळ पुन्हा उघडली. वेळ, तीन वाजून दहा मिनिटं. मुक्काम, चार सेकंद. मशीनचं नाव, कोरं. खोली, कोरी. सकाळच्या गडबडीत त्यांनी शेवटचा रकाना नीट वाचलाच नव्हता. कुणाच्या नावाने आत आलं, त्याचा रकाना. तो आता त्यांनी वाचला आणि माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

तिथे मास्तरांचं नाव होतं.

मास्तर जाऊन सहा वर्षं झाली होती.

ताईंना हे काम शिकवलं ते मास्तरांनी. हॉस्पिटलात येण्याआधी ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ताई नव्या होत्या तेव्हा त्यांची पहिली चूक साऱ्या वॉर्डांच्या नोंदी घेऊन बुडाली होती. "पोरी, रडून झालं की सांग. मग परत कसं आणायचं ते शिकवतो," असं म्हणून मास्तर शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसले होते.

मास्तरांची बायको, ताई तिला काकू म्हणत, हळूहळू विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माणसं. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी ती घरातून निघून गेली. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. समोरच्या दुकानदाराने तिला जाताना बघितलं होतं, तीन वाजून दहा मिनिटांनी. त्यानंतर तिला ओळखणाऱ्या कुणीच बघितलं नाही. पोलिसांत कळवून झालं, पत्रकं लावून झाली, दोन वर्षं मास्तर आश्रम आणि स्टेशनं पालथी घालत राहिले. पण रोज दुपारी तीनला कुठूनही परत येऊन ते आपल्या मशीनपुढे बसायचे. हॉस्पिटलात आणल्या जाणाऱ्या बेवारस माणसांची नोंद डेटाबेसमध्ये वेगळ्या तक्त्यात व्हायची. तीन दहा झाले की मास्तर त्या तक्त्याला विचारायचे: बाई, एवढं वय, डाव्या मनगटावर इस्त्रीने भाजल्याची खूण. उत्तर यायचं, शून्य. त्या वेळी खोलीत कुणी खुर्चीसुद्धा सरकवत नसे.

निवृत्त होताना त्यांनी ताईंकडे एकच मागणं केलं होतं. "माझं ते मशीन बंद करू नकोस. मी त्याला शिकवून ठेवलंय. रोज आपण होऊन विचारेल. ओळ सापडली तर माझ्या फोनवर निरोप येईल." पुढे एकदा गुडघे दाखवायला आले, तेव्हा ताईंच्या खोलीत चहा घेता घेता म्हणाले, "आता पायांनी फिरणं होत नाही. पण मशीन विचारतंय ना, मग बरं."

ते गेले तेव्हा त्यांचं नाव डेटाबेसमधून काढून टाकायचा फॉर्म ताईंकडे आला होता. तो त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. उद्या करू, परवा करू. माणूस गेल्यावर त्याचं नाव पुसायला हात उचलत नाही, आणि काही दिवसांनी ते राहूनच जातं.

मशीन चालूच राहिलंय वाटतं बिचारं, असं म्हणून ताईंनी सुस्कारा सोडला. त्यांना हसूही आलं. मग एकदम आठवलं, की ते मशीन जुन्या इमारतीत आहे.

*

जुन्या इमारतीचा स्लॅब पाच वर्षांपूर्वी कोसळला, तेव्हापासून तिला कुलूप होतं. किल्ली लिफ्टवाल्या काकांकडे असायची. लिफ्ट महिन्यातले वीस दिवस बंद असल्यामुळे हॉस्पिटलातल्या सगळ्या कुलपांची कामं त्यांच्याकडे आली होती.

"तिथे काय ठेवलंय, ताई?" मंगळवारी दुपारी कुलपाशी झटापट करत काका म्हणाले. "पारवेसुद्धा राहत नाहीत हल्ली."

"मास्तरांचं मशीन बंद करायचंय. चालू राहिलंय."

काकांनी किल्ली फिरवायची थांबवली. "कशावर चालू राहिलंय? लाइट तोडून पाच वर्षं झाली. मीटरसुद्धा काढून नेलाय. मी स्वतः टॉर्च धरला होता."

आत शिरताच थंड, ओल्या चुन्याचा वास आला. जिन्यावर दोघांच्या पावलांचे ठसे उमटत गेले. ताईंनी वळून बघितलं, तर धुळीत ते दोनच माग होते. वर जाणारा तिसरा माग नव्हता आणि खाली येणाराही नव्हता.

मास्तरांची खोली कोपऱ्यात होती. दार नुसतं लोटलेलं. टेबल जागेवर, खुर्ची जागेवर, आणि मशीन जागेवर. त्यावर मास्तरांनी घातलेलं प्लास्टिकचं कव्हर पिवळं पडून तडकलं होतं. ताईंनी वाकून बघितलं. प्लग जमिनीवर पडला होता. भिंतीतल्या बोर्डाच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यातून उंदरांनी कुरतडलेल्या वायरींची टोकं बाहेर आली होती. त्यांनी मशीनवर तळहात टेकवला. दगडासारखं गार.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"तीन वाजायला आलेत. का हो?"

"दहा मिनिटं थांबू या."

दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बाहेर कुणीतरी बादली आपटली, त्याचा आवाज आला आणि विरून गेला. तीन दहा झाले. पडदा काळाच होता. दिवा लागला नाही, पंखा घरघरला नाही, खोलीत कसलीच हालचाल झाली नाही. काका हळूच म्हणाले, "मास्तर चांगला माणूस होता. मी शेवटपर्यंत पोचवून आलोय त्यांना, ताई. माझ्या डोळ्यांनी."

खाली आल्याबरोबर ताईंनी पहारेकऱ्याचा पडदा उघडला. तीन वाजून दहा मिनिटं. चार सेकंद. मास्तर. आणि या वेळी त्यांनी मशीनचा आकडी पत्ता जुन्या वहीशी ताडून बघितला. तो त्या कोपऱ्यातल्या मशीनचाच होता, ज्याच्यापुढे त्या आत्ता, त्याच मिनिटाला, उभ्या होत्या.

बुधवारी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीत एक केबल होती, तिच्यावर मास्तरांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'जुनी इमारत'. ती त्यांनी उपटली आणि गुंडाळून टेबलावर, आपल्या डोळ्यांसमोर ठेवली. तीनला त्या पडद्यापुढे बसल्या. खिडकीतून पावलं जात-येत होती. मग मिनिटभर एकही पाऊल दिसलं नाही. घड्याळात तीन दहा झाले, आणि ओळ उमटली. पाटीवर कुणी खडूने लिहावं तशी, शांतपणे. चार सेकंद थांबली आणि मिटली.

केबल टेबलावर तशीच पडून होती.

*

"बंद करून टाक की," त्या संध्याकाळी जेवताना त्यांचे यजमान म्हणाले. ते बसडेपोत वेळापत्रकं लावायचे आणि जगातली निम्मी दुखणी वेळापत्रक चुकल्यामुळे होतात असं त्यांचं मत होतं. "एक ओळ लिहायची म्हणतेस ना? या नावाने कुणाला आत घ्यायचं नाही, अशी?"

"एकच ओळ."

"मग?"

"मग काही नाही. लिहिणारच आहे. उद्या शेवटचा दिवस आहे." ताईंनी ताटातलं इकडचं तिकडे केलं. "सहा वर्षं मेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवलं म्हणून माझी चौकशी लागेल, ते वेगळंच."

यजमान अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारे नव्हते, पण तीस वर्षं बायकोचा चेहरा वाचत आले होते. "अगं, पण विचारतात काय ते?"

"कोण?"

"मास्तर. रोज येतात म्हणतेस. आता चालत नाही, दिसत नाही, तारसुद्धा नाही, तरी वेळेवर येतात. येऊन विचारतात काय?"

दोन दिवस ताई कोण येतंय, कुठून येतंय, कसं येतंय एवढंच शोधत होत्या. पहारेकऱ्याने प्रश्नही टिपून ठेवलेला होता, आणि तो त्यांनी उघडून बघितलाच नव्हता. मास्तर काय विचारणार हे त्यांना माहीतच होतं.

"माहितीये मला काय विचारतात ते," त्या म्हणाल्या.

"माहीत असलं तरी ऐकून घ्यावं," यजमान म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले.

*

गुरुवारी सकाळी ताईंनी प्रश्न उघडला. तोच होता. स्त्री. वय एकोणसत्तर. डावं मनगट, भाजल्याची खूण.

एकोणसत्तर. दर वर्षी एक एक वाढत आलेलं, आणि जुन्या नोंदींसाठी तेवढंच मागे मोजणारं. मास्तर होते ते. तेवढी सोय त्यांनी करून ठेवलीच असणार. तरी तो आकडा ताईंनी पुन्हा एकदा वाचला. काकू कुठेतरी म्हातारी होत गेली असणार हे त्या माणसाने एक दिवसही नजरेआड केलं नव्हतं.

त्यांनी शेवटची ओळ वाचली. कुठल्या तक्त्यात शोधायचं, ती ओळ. आणि खुर्चीत ताठ बसल्या.

आठ वर्षांपूर्वी ताईंनी स्वतः सगळे तक्ते नव्याने मांडले होते. सगळ्यांनी पाठ थोपटली होती तेव्हा. बेवारस माणसांचा जुना तक्ता फार गचाळ झाला होता, म्हणून त्यांनी नव्या नावाचा नवा तक्ता केला, नोंदी तिकडे हलवल्या, आणि जुना रिकामा करून तसाच सोडला. न जाणो, कुणाला लागला तर. मास्तर तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. त्यांना कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताईंच्याही नाही.

आठ वर्षं ते रोज एका रिकाम्या खोलीच्या दाराशी जाऊन विचारत होते. जिवंतपणी दोन वर्षं, आणि पुढची सहा.

"ताई, काय झालं?" दारातून लिफ्टवाले काका विचारत होते. "चेहरा का असा झालाय?"

"काका, माझ्याकडून फार मोठी चूक झालीय."

"होते चूक. दुरुस्त होणारी आहे का?"

नव्या तक्त्यात ताई स्वतःच तो प्रश्न टाकू शकल्या असत्या, क्षणात. बोटं बटणांवर गेलीही. पण विचारण्याचा हक्क आपला नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी एवढंच केलं, की जुन्या नावाने कुणी विचारलं तर त्याला नव्या तक्त्यातलं उत्तर मिळेल अशी जोडणी करून दिली. पाच मिनिटांचं काम होतं. आठ वर्षांपूर्वीही पाच मिनिटांचंच होतं.

दोन वाजता साहेबांचा फोन आला. "काढला का तो एक्केचाळिसावा?"

"चार वाजेपर्यंत निकाल लावते, साहेब."

तीन दहाला ओळ उमटली. एक सेकंद. दोन. तीन. चार. पाच. ओळ मिटली नाही. उत्तराच्या रकान्यात इतकी वर्षं शून्य असायचं, तिथे तीन आलं.

त्यांनी त्या तीन नोंदी उघडल्या. पहिली सात वर्षांपूर्वीची. अनोळखी स्त्री, वय अंदाजे बासष्ट, रस्त्याकडेला बेशुद्ध सापडली, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण, मुक्काम नऊ दिवस, नंतर शहराबाहेरच्या निराधार आश्रमात रवाना. ताईंनी तारीख पुन्हा पुन्हा वाचली. मास्तर गुडघे दाखवायला आले होते तो आठवडा. त्यांच्या डोक्यावर, दोन मजले वर, काकू होती. आणि ते खाली बसून चहा पीत म्हणत होते, मशीन विचारतंय ना, मग बरं.

दुसरी नोंद तीन वर्षांपूर्वीची, न्यूमोनिया.

तिसरी अकरा दिवसांपूर्वीची. सातवा वॉर्ड, खाट क्रमांक चौदा. घरी सोडल्याची तारीख, कोरी.

ओळ अजून पडद्यावर तेवत होती. ताई ती तशीच ठेवून उठल्या आणि जिन्याकडे धावल्या.

*

सातव्या वॉर्डाची सिस्टर करड्या शिस्तीची म्हणून ओळखली जायची. "भेटायची वेळ चारची," ती म्हणाली. मग ताईंकडे बघून आवाज खाली आणला. "चौदा नंबर? ती आश्रमातली आजी? ओळखता तुम्ही?"

"बघून सांगते. बोलते का?"

"फारसं नाही. नाव विचारलं तर हसते. त्रास काही नाही हो तिचा, फक्त एक खोड आहे. दुपारचे तीन वाजून गेले की ओ देते."

"ओ देते म्हणजे?"

"म्हणजे हाक मारल्यावर देतो तशी. मोठ्याने. 'ओ!' म्हणून. हाक कुणी मारलेली नसते. आश्रमातल्या बाई सांगत होत्या, ती आली तेव्हापासूनचं आहे. सात वर्षं. एक दिवस खाडा नाही. पहिल्यांदा मी दचकले, मग घड्याळ लावायला लागले तिच्यावर. तीन दहा म्हणजे तीन दहा."

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आज दिली?"

"आज नाही," सिस्टर म्हणाली. तिच्या कपाळावर आठी आली. "तेच मनात घोळतंय मघापासून. आज ओ दिली नाही. तीन दहाला उठून बसली, दाराकडे बघितलं, आणि सरकली. मधोमध झोपायची नेहमी, आज अगदी कडेला गेलीय. पडायची एखादे वेळी."

चौदा नंबरच्या खाटेवर काकू होती. केस सगळे पांढरे, अंगाने निम्मी झालेली, पण काकूच. डाव्या मनगटावर इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा तो फिकट डाग. ती खाटेच्या एका काठाला अंग चोरून बसली होती, आणि बाकीची सगळी खाट तिने मोकळी सोडली होती. चादर तिथली हाताने सारखी केलेली दिसत होती.

"काकू," ताई म्हणाल्या. "मी रेकॉर्डातली. मास्तरांची... ओळखलंत का मला?"

काकूने त्यांच्याकडे बघितलं आणि हसली. ओळखीचं की नुसतंच, ते कळलं नाही. "जिने फार आहेत इथे," ती म्हणाली. "दमून गेलेत."

ताईंनी मागे वळून बघितलं. मागे वॉर्डाचं दार होतं, आणि दारात कुणी नव्हतं.

चारला त्या खाली आल्या तेव्हा ओळ मिटलेली होती. पहारेकऱ्याने मुक्काम टिपून ठेवला होता: तीन दहा ते तीन बावीस. ताईंनी हिशेब केला. मास्तरांच्या दुखऱ्या गुडघ्यांनी तळघरातून सातव्या वॉर्डापर्यंत चढायला साधारण तेवढाच वेळ लागला असता.

*

शुक्रवारी तपासणीची माणसं यायच्या आधी ताईंनी साहेबांपुढे दोन पानी कागद ठेवला. निवृत्त कर्मचाऱ्याचं खातं सहा वर्षं उघडं राहिलं, चूक माझी. तक्ता बदलताना जुन्या प्रश्नांची सोय केली नाही, चूक माझी. त्यामुळे सात वर्षांपूर्वी आणि तीन वर्षांपूर्वी एका पेशंटची ओळख पटू शकली नाही.

"अहो, हे असं लिहून देतं का कुणी?" साहेबांनी चष्मा काढला. "कुणाला कळलं नसतं. कनेक्शन काढून टाकलं असतंत की झालं होतं."

"मला कळलंय, साहेब."

"आणि ते मशीन? बंद मशीनमधून कसं येत होतं, ते यात लिहिलेलं नाही."

"ते मला माहीत नाही. जे माहीत आहे ते लिहिलंय."

साहेबांनी कागद फाइलला लावला. ताईंना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांच्या सेवापुस्तकात गेली. तपासणी सुरळीत पार पडली. त्या दुपारी तीन दहाला पडद्यावर चाळीसच नावं होती. दुसऱ्या दिवशीही, आणि पुढेही. सोमवारी ताईंनी ड्रॉवर उघडून तो जुना फॉर्म काढला, भरला आणि सही केली. या वेळी हात अडला नाही.

सातव्या वॉर्डाच्या केसपेपरवर 'अनोळखी' खोडून काकूचं पूर्ण नाव लिहिलं, तेही ताईंनीच. नात्याचा रकाना आला तेव्हा सिस्टर पेन धरून थांबली. "काय लिहू?"

"पुतणी लिहा," ताई म्हणाल्या.

काकू पुढे तीन आठवडे हॉस्पिटलात होती. ओ द्यायची मात्र ती त्या गुरुवारपासून थांबली. सिस्टरने पहिले काही दिवस तिला ओढून खाटेच्या मधोमध आणून झोपवलं, पण पाठ वळली की ती पुन्हा काठाला. शेवटी सिस्टरने तिच्या बाजूचा कठडा वर केला, आणि चादर बदलताना ती मोकळी बाजूही न सांगता नीट ताणून घालायला लागली.

ताई रोज दुपारी वर जायच्या. काय सांगायचं ते त्या मनात जुळवायच्या. मास्तर नाहीत, सहा वर्षं झाली, ते शेवटपर्यंत शोधत होते. एकदा निश्चय करून त्या खाटेशी गेल्या आणि म्हणाल्या, "काकू, मास्तरांबद्दल एक सांगायचं होतं."

काकू कुशीवर होती, मोकळ्या बाजूकडे तोंड करून. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

ताई थांबल्या. बसायला स्टूल खाटेखाली होतं. रोज त्या ते फरशीवरून ओढून घेत. आज त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, आवाज न करता भिंतीशी ठेवलं, आणि बसल्या.